स्वमग्न मुलासाठी शाळेकडे काय मागायचं, कसं आणि कुणाकडे

शाळेतून पहिला फोन साधारण ऑगस्टमध्ये येतो. घटक चाचणी झालेली असते, वर्गशिक्षिका दोन महिने एकटीने निभावून थकलेल्या असतात आणि निरोप एवढाच असतो, 'जरा येऊन भेटा.' पालक ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून धावतात, तक्रारींची यादी ऐकतात आणि घरी येऊन मुलावर नाहीतर एकमेकांवर चिडतात. मागण्या मांडायला याहून वाईट वेळ नाही. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्येच. पहिल्या पंधरवड्यात तुम्ही स्वतःहून वेळ मागून भेटलात, तर तेच बोलणं बरंच वेगळं होतं.

मी ठाण्यात विशेष शिक्षिका म्हणून काम करते आणि अशा बैठकांना पालकांच्या बाजूच्या खुर्चीवर बसते. तिथे पुन्हा पुन्हा दिसतं ते असं: 'त्याच्याकडे जरा लक्ष द्या' या विनंतीला शाळा हसून हो म्हणते आणि पुढे काहीच होत नाही. 'गणिताच्या तासाला त्याला पंख्याखालच्या बाकावरून उठवून भिंतीकडेच्या दुसऱ्या बाकावर बसवा' याला शाळा कुरकुरत हो म्हणते, पण ते घडतं. तेव्हा मागणी छोटी, नेमकी आणि लेखी हवी. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी वही, मग कायदा

डॉक्टरांच्या अहवालातला 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर (स्वमग्नता), सौम्य ते मध्यम' हा शेरा वाचून सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं, हे वर्गशिक्षिकेला कळत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं. म्हणून भेटीआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवा. तारीख, वार, कुठला तास, त्याआधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, ते किती वेळ चाललं आणि कशाने शांत झालं. रिक्षावाले काका, बसमधल्या ताई, मधल्या सुट्टीत डबा उघडून देणाऱ्या मावशी यांनाही विचारा. त्यांना बरंच दिसलेलं असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

कळव्याच्या एका दुसरीतल्या मुलीबद्दल तक्रार होती, 'वहीच उघडत नाही, हट्टी आहे.' पालकांच्या वहीतल्या नोंदी पाहिल्या, तर हे नेहमी मधल्या सुट्टीनंतरच्याच तासाला होत होतं. त्या वेळी शेजारच्या वर्गात पाढे मोठ्याने म्हणून घेत, डोक्यावरचा पंखा खडखडत असे आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायचं काम असे. तिघांचा मारा एकदम. आम्ही मागितल्या त्या दोनच गोष्टी: बाक बदला, आणि फळ्यावरचा मजकूर तिला छापील कागदावर द्या म्हणजे ती शेजारी ठेवून उतरवेल. वही उघडायला लागली. अक्षर अजून मागेच आहे आणि त्यावर वेगळं काम चालू आहे, पण 'हट्टी' हा शब्द त्या वर्गातून गेला.

आपल्याकडच्या ठरलेल्या अडचणीही वहीत येऊ द्या. पावसाळ्यात ओल्या रेनकोटांचा वास, बंद खिडक्या आणि व्हरांड्यातच उरकलेला पीटीचा तास. ऑगस्टमध्ये शाळेतली दहीहंडी, ढोल-ताशे. डिसेंबरात स्नेहसंमेलनाची तालीम, रोज नवं वेळापत्रक. घोडबंदर रोडच्या कोंडीत तास-दीड तास बसमध्ये बसून आलेलं मूल पहिल्या तासाला आधीच दमलेलं असतं. ते 'वर्गातलं वागणं' म्हणून नोंदलं जातं आणि बसचा कुणी विचारच करत नाही.

कागद कोणते लागतात

विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा अहवाल तर हवाच. थेरपिस्टकडून मात्र शाळेसाठी वेगळं एक पान मागून घ्या, ज्यात निदानापेक्षा शिफारशी जास्त असतील. बारा पानी अहवाल शाळेत कुणी वाचत नाही, आणि त्यात घरातल्या खासगी गोष्टीही असतात. सगळ्या स्टाफरूमने त्या वाचायचं कारण नाही.

दुसरा कागद दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि तपासणी अधिकृत सरकारी रुग्णालयात. स्वमग्नतेसाठी आयएसएए ही भारतीय मोजणी वापरतात. त्यात ४० बाबी असतात आणि एकूण गुण ७० च्या खाली आले तर स्वमग्नता धरत नाहीत. मूल अनोळखी खोलीत दहा मिनिटं गप्प बसून राहील आणि 'ठीकच तर आहे' असं वाटेल, ही भीती खरी आहे. म्हणून घरातले आणि जमल्यास शाळेतले छोटे व्हिडिओ, ती वही आणि शाळेचं पत्र बरोबर न्या. लहान वयात मिळालेलं प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचं असतं. मुदत कधी संपते ते त्याच दिवशी फोनमध्ये लावून ठेवा.

'शिक्का बसेल' म्हणून कार्ड न काढणारे पुष्कळ पालक भेटतात. घरातल्या मोठ्यांचाही बहुधा तोच आग्रह असतो. माझं मत स्पष्ट आहे: काढा. काढणं वेगळं आणि जिथे-तिथे दाखवणं वेगळं. दहावीच्या तोंडावर ते काढायला धावणं फार महागात पडतं.

तरी एक बारकावा लक्षात असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळेची जी कर्तव्यं आहेत, म्हणजे भेदभाव न करता प्रवेश, गरजेनुसार सोयी, वैयक्तिक आधार, ती प्रमाणपत्रावरच्या किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या अटीला बांधलेली नाहीत. ४० टक्क्यांची अट येते ती कलम ३१ मध्ये, म्हणजे ६ ते १८ वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाच्या हक्कासाठी, आणि बऱ्याच सरकारी सवलतींसाठी. तेव्हा 'सर्टिफिकेट आणा, मग बघू' असं कुणी म्हणालं तर बाकाची जागा बदलायला सर्टिफिकेट लागत नाही, हे नम्रपणे सांगा. कलम १६ सरकारी आणि अनुदानित शाळांइतकंच मान्यताप्राप्त खासगी शाळांनाही लागू आहे.

आणि एक विसरली जाणारी गोष्ट: यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, शाळेने मुलाची नोंद विशेष गरजा असलेला विद्यार्थी म्हणून केली आहे का, ते विचारा. ती नोंद नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या समावेशित शिक्षण विभागाच्या हिशेबात तुमचं मूल नसतंच.

कोणाच्या हद्दीत आहात

'नवी मुंबई' म्हणताना आपण खारघर, कामोठे, कळंबोलीही त्यात धरतो. सरकारी कागदावर हा भाग पनवेल महानगरपालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतो. तिथल्या शाळेबद्दलचा अर्ज ठाणे जिल्हा परिषदेत नेलात तर तो फिरून परत येईल, कारण तुमची जिल्हा परिषद अलिबागला आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर हे नवी मुंबई महानगरपालिकेचं क्षेत्र, जिल्हा ठाणे. ठाणे शहर, कळवा, मुंब्रा ठाणे महानगरपालिकेत. प्राथमिक वर्गांसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग आणि माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी, अशी साधारण वाटणी धरून चाला. पत्ता शाळेचा धरायचा, घराचा नाही.

एक पानी ओळख

पहिल्या भेटीत फाइल उघडू नका, एक पान द्या. वर मुलाचा हसरा फोटो. मग त्याला काय आवडतं, काय चांगलं जमतं: लोकलची सगळी स्टेशनं क्रमाने येतात, चित्रं मनापासून काढतो, एकदा ऐकलेली कविता विसरत नाही. हे वरच ठेवायचं, कारण शिक्षिकेला सुरुवात करायला एक दोरा मिळतो. त्यानंतर अडचणी, प्रत्येकीपुढे उपाय. भाषा अशी असावी:

'हाक मारल्यावर उत्तर द्यायला त्याला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढं थांबलात तर तो बोलतो. प्रश्न लगेच पुन्हा विचारला तर त्याची सुरुवात पुन्हा शून्यापासून होते.'

'कान झाकून बाकाखाली बसला तर तो खोड्या करत नसतो, त्याला आवाज सहन होत नसतो. हात धरून ओढू नका. शेजारी बसून हळू आवाजात एकच वाक्य बोला: चल, वाचनालयात जाऊ.'

'डोळ्यांत बघून बोल असा आग्रह नको. खाली बघूनही तो नीट ऐकत असतो.'

याची एक प्रत पीटीच्या सरांना, एक बसच्या ताईंना आणि एक शिपाईकाकांना. बदली शिक्षक येतात तेव्हा सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून एक प्रत वर्गाच्या हजेरीपटात चिकटवायला सांगा.

बैठक

फाटकाशी, मूल हात ओढत असताना, काहीही ठरवू नका. आधी वर्गशिक्षिकेला एकटं भेटा, थेट मुख्याध्यापिकांकडे गेलात की बाईंना ती आपली तक्रार वाटते आणि वर्ष बिघडतं. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. तुमच्या बाईंपुढे प्रत्यक्षात किती मुलं बसतात ते मोजा आणि मगच बोला. 'मॅडम, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कुठल्या वेळी होतो?' या प्रश्नाने सुरुवात केली की निम्मं काम होतं. त्या सांगतील ती वेळ आणि तुमच्या वहीतली वेळ बहुतेक जुळते.

मग तीन किंवा चार मागण्या, जास्त नकोत. बसण्याची जागा, दिवसाचं वेळापत्रक चित्रांत बाकावर चिकटवणं, तोंडी सूचना एका वेळी एकच, आणि असह्य झाल्यावर जायला एक ठरलेली जागा व ती मागायची खूण. बोलता न येणाऱ्या मुलासाठी एक लाल कार्ड पुरतं. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आणून द्या. शाळेत समुपदेशक किंवा विशेष शिक्षक असतील तर दुसऱ्या बैठकीला त्यांना आणि मुख्याध्यापिकांना एकत्र बोलवायला सांगा. शक्य तर घरातून दोघे जा. एक बोलतो, एक लिहितो.

त्याच संध्याकाळी शाळेच्या ईमेलवर हे पाठवा:

'आदरणीय मॅडम, आज आपण वेळ दिलात त्याबद्दल आभार. आजच्या चर्चेत पुढील गोष्टी ठरल्या असं आम्ही समजतो: १) सोमवारपासून बसण्याची जागा भिंतीकडेच्या दुसऱ्या बाकावर. २) चित्रवेळापत्रक आम्ही करून देऊ, ते बाकावर लावलं जाईल. ३) आवाज असह्य झाल्यास लाल कार्ड दाखवून वाचनालयात दहा मिनिटं. चार आठवड्यांनी पुन्हा भेटून आढावा घेऊ. यात काही राहिलं असल्यास कृपया कळवावं.'

शाळेने उत्तर दिलं नाही तरी चालेल. तुमच्याकडे तारीख असलेला कागद तयार झाला. व्हॉट्सॲपवरचं बोलणं चालतं, पण फोन बदलला की ते हरवतं, म्हणून ईमेल.

आराखडा आणि शॅडो टीचर

इंटरनेटवरून अमेरिकेतले आयईपीचे, म्हणजे एकेका मुलासाठीच्या शिक्षण आराखड्याचे, फॉर्म उतरवून आणणारे पालक भेटतात. तिथे त्या कागदामागे तिथला कायदा असतो. इथे तो फॉर्म टेबलावर ठेवला की मुख्याध्यापिका बिचकतात, बाकी काही होत नाही. आपल्या कायद्यात 'वैयक्तिक आधार' आणि मुलाच्या प्रगतीवर देखरेख हे शाळेचं कर्तव्य म्हणून आहे. त्यासाठी दोन पानी मराठी किंवा इंग्रजी आराखडा पुरतो: आज मूल कुठे आहे, दिवाळीपर्यंत काय साधायचं, कोण काय करणार, मोजायचं कसं. 'सामाजिक कौशल्य सुधारणे' असं ध्येय लिहू देऊ नका. 'मधल्या सुट्टीत एका ठरलेल्या मित्राबरोबर डबा खाणे, आठवड्यातून तीन दिवस' हे मोजता येतं. आराखडा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या विशेष शिक्षकाने लिहावा, नोंदणी क्रमांक विचारण्यात काही अपमान नाही. शाळेत असे शिक्षकच नाहीत, ही मोठी अडचण आहेच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० आणि त्यापुढच्या वर्गांना १५ विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं मंजूर करायला बजावलं. पत्रात याचा उल्लेख जरूर करा, पण पद भरेपर्यंत मुलाचं वर्ष थांबवू नका. समग्र शिक्षाचे फिरते विशेष शिक्षक गटसाधन किंवा शहर साधन केंद्राकडून येतात, त्यांच्या भेटीची लेखी मागणी मुख्याध्यापकांमार्फत करा.

शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाबरोबर बसणारी, पालकांनी पगार देऊन ठेवलेली मदतनीस, हा पालकांच्या खिशाचा सगळ्यात मोठा घाव. काही मुलांना सुरुवातीला तिची खरंच गरज असते. पण 'शॅडो असेल तरच वर्गात बसू देऊ' ही अट शाळेने तोंडी घातली तर ती लेखी मागा. बरेचदा ती लेखी येत नाही. शॅडो ठेवलीच तर ठरवून घ्या की ती मुलाचं लिहिणार नाही, शिक्षिका आणि मूल यांच्या मधे बसणार नाही आणि दर सत्रात तिचे तास कमी होत जातील. नाहीतर चौथीपर्यंत वर्गशिक्षिकेचं मुलाशी एक वाक्यही बोलणं होत नाही. ते मूल जणू त्या ताईंचंच, बाईंचं नव्हेच.

परीक्षा

परीक्षेच्या सोयी दहावीला अचानक मिळत नाहीत, त्यांची सवय आणि नोंद खालच्या वर्गांपासून हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १७ मध्येच जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. राज्य मंडळ आणि सीबीएसई दोन्हीकडे स्वमग्न विद्यार्थ्यांना सवलती आहेत. जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

नववीत असतानाच शाळेकडे लेखी अर्ज द्या. ठाणे-नवी मुंबईच्या शाळांचं काम राज्य मंडळाच्या मुंबई विभागीय मंडळाकडे जातं आणि त्याचं कार्यालय वाशीत आहे, ही आपली सोय. प्रस्ताव मात्र शाळेमार्फतच जायला हवा, आणि तो गेला की नाही हे पोचपावती पाहून खात्री करा. शाळेतल्या क्लार्कशी गोड राहिलेलं या कामात फार उपयोगी पडतं.

सवलत मिळते म्हणून सगळ्या घेऊ नका. लेखनिकाला सांगायची सवय नसलेलं मूल हॉलमध्ये गप्प बसतं. सहामाहीलाच लेखनिक देऊन बघा. जादा वेळेत मूल उलट अस्वस्थ होत असेल तर शांत, वेगळी खोली जास्त मोलाची. गणित सोडायचा पर्याय असेल तर अकरावीत कोणती दारं बंद होतात ते आधी पाहा. आणि नेहमीचं मंडळ झेपत नसेल तर एनआयओएस हे राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, कमी विषय, हप्त्याहप्त्याने परीक्षा. ती पळवाट नाही, नेमका अशा मुलांसाठीही असलेला रस्ता आहे.

'नाही' आलं तर

बहुतेक नकार तोंडी असतात: 'आमच्याकडे सोय नाही', 'तुम्हीच बघा दुसरी शाळा', 'बाकीच्या पालकांच्या तक्रारी आहेत'. दाखला मागून न्या असा दबाव आला तर 'स्वेच्छेने दाखला घेत आहोत' अशा कशावरही सही करू नका. त्या एका सहीने पुढची सगळी बाजू पडते. शांतपणे सांगा, 'हे लेखी द्या.'

मग मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज. तीन परिच्छेद पुरे: काय घडलं, तारखांसह, काय मागतो, कलम १६ प्रमाणे ही शाळेची जबाबदारी आहे, पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. दोन प्रती न्या, एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. पुढची पायरी विभागीय शिक्षण उपसंचालक. दिव्यांगांचे राज्य आयुक्त पुण्यात असतात, त्यांच्याकडे अर्ज टपालानेही करता येतो आणि त्यांना चौकशीत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. राज्य बालहक्क संरक्षण आयोग हा आणखी एक मार्ग. कायदा मोडल्यास पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाख रुपये दंड आहे. हे आकडे पहिल्या पत्रात लिहू नका, तिसऱ्यासाठी राखून ठेवा.

मारलं, कोंडून ठेवलं, वर्गासमोर चिडवलं, तर हा मार्ग सोडा. तिथे थांबायचं नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. १०९८ वर फोन करा, खुणा असतील तर त्याच दिवशी फोटो आणि डॉक्टरांचा कागद घ्या.

कधी कधी ही शाळाच आपल्या मुलाची नसते, हेही मान्य करावं लागतं. वाशीत नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, ठाणे महापालिकेची विशेष मुलांसाठीची जिद्द शाळा आहे, खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. जाऊन बघा, तिथल्या पालकांशी बाहेरच्या बाकावर बसून बोला. विशेष शाळेत जाणं म्हणजे हरणं, असं मानणाऱ्या नातेवाइकांना या निर्णयापासून लांब ठेवा. आणि पहिल्या इयत्तेलाच असाल तर आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव प्रवेशात दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, त्यांना उत्पन्नाची अट नाही, फक्त ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं.

मार्च-एप्रिल

सगळं जमलेलं वर्ष जूनमध्ये कोसळतं, कारण बाई बदलतात. म्हणून वार्षिक परीक्षा संपताना मुख्याध्यापिकांना दोन गोष्टी मागा: पुढच्या वर्गशिक्षिका कोण ते आधी सांगा, आणि जुन्या बाईंना त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलू द्या. एक पानी ओळख नव्याने लिहा, गेल्या वर्षीच्या अडचणी आता नसतील तर खोडा. जवळचा मित्र कुठल्या तुकडीत जातोय ते विचारून त्याच तुकडीची विनंती लेखी द्या. तुकड्या एकदा नोटीस बोर्डावर लागल्या की कुणी बदलत नाही. नवा वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर सुट्टीत एकदा परवानगी घेऊन मुलाला तो जिना, ते बाक, तिथलं स्वच्छतागृह दाखवून आणा आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या. शाळा उघडायच्या आधीचा आठवडाभर ते फोटो रोज रात्री बघायचे.